वस्त्राची उलट बाजू

पुस्तकांचें प्रकाशन होतें हें आम्हांस ठाऊक होतें. वस्त्रांचेंही प्रकाशन होऊं लागलें आहे हें गेल्या महिन्यांत कळलें. जालना शहरांत नव्यानें सुरू झालेल्या एका वस्त्रभांडाराच्या मालकांनीं आपला सणासुदीचा नवा संग्रह लोकांपुढें प्रथमच मांडण्याचा समारंभ योजिला होता, आणि त्याचें निमंत्रण आमच्याही घरीं आलें. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशीं ‘पोशाख : आपला स्वतःचा’ अशी सूचना होती. ती वाचून आमच्या पत्नीस हंसूं आलें. दुसऱ्याचा पोशाख घालून समारंभास जाण्याची चाल आपल्याकडे अद्याप पडलेली नाहीं, असें ती म्हणाली. परंतु जाऊन आल्यावर ती सूचना आम्हांस तितकीशी निरर्थक वाटेना. तिच्यांत सांगितलेली गोष्ट फार थोड्यांस साधते, आणि आम्हांस स्वतःस ती साधलेली नाहीं, असें वाटूं लागलें. त्या वाटण्याचें कारण वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करावयाचें तर त्यांत काय आहे तें आधीं सांगावें आणि तें कसें आहे तें मागाहून सांगावें, अशी आमच्या धंद्याची जुनी रीत आहे. ती येथेंही पाळूं. एका मंगल कार्यालयाच्या सभागृहांत मधोमध एक लांबट, अरुंद चौथरा उभारून त्यावर काळें कापड पसरलें होतें. दोहों बाजूंस खुर्च्या, वर डोळे दिपविणारे दिवे आणि कानठळ्या बसविणारें वाद्यसंगीत. या चौथऱ्यास रॅम्प म्हणतात. त्यावरून वीस तरुण-तरुणी एकामागून एक चालत आलीं, टोंकाशीं क्षणभर उभीं राहिलीं, आणि कमरेवर हात ठेवून एकदां उजवीकडे व एकदां डावीकडे पाहून परत गेलीं. त्यांच्या अंगावर जरीचे घागरे, बंद गळ्याचे कोट, लांब कुडते असे नानाविध प्रकार होते. नेसावी न लागतां नुसती चढवितां येईल अशी शिवलेली नऊवारी होती, आणि टोपीप्रमाणें डोक्यावर ठेवतां येईल असा बांधून तयार केलेला फेटाही होता. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंची भाषा अर्धी इंग्रजी व अर्धी हिंदी होती, मराठी आभारापुरती. प्रत्येक पोशाखाच्या वेळीं त्यांचें सांगणें एकच असे कीं, गर्दींत वेगळे दिसा, स्वतःची स्टाईल शोधा.

गुणांचा उल्लेख आधीं करणें न्यायाचें होईल. नीळ आणि डाळिंबी या दोन रंगांचा मेळ कित्येक वस्त्रांत फार सुरेख साधला होता. शिलाई नीटस होती. पुरुषांच्या एका कोटावर हिमरूची जुनी वेलबुट्टी घेतली होती, आणि ती घेणाऱ्याची नजर चांगली आहे हें मान्य केलें पाहिजे. जालन्यासारख्या लोखंडाच्या, बियाण्यांच्या आणि कापसाच्या व्यापारावर चालणाऱ्या शहरांत कोणी रंगांचा आणि कापडाचा इतका विचार करतो, ही गोष्टही आम्ही लहान समजत नाहीं.

दोष सांगावयाचा तर तो कापडांत कमी आणि त्या उपदेशांत अधिक होता. वेगळे दिसा असें वीस वेळां सांगून वीसही जणांस एकाच चालीनें चालविलें होतें. चेहऱ्यावर हंसूं येऊं देऊं नये अशी त्यांस बहुधा ताकीद असावी. कारण लग्नाचा शेला पांघरलेला मुलगा आणि दिवाळीचा घागरा घातलेली मुलगी, दोघेंही सारखींच रुष्ट दिसत होतीं. एकदांच मात्र निराळें घडलें. टोंकाशीं वळतांना एका मुलाचा आयता फेटा कानावर घसरला. त्यानें तो दोन्ही हातांनीं सांवरला, आणि त्याला हंसूं आंवरेना. सगळ्या सभागृहानें टाळ्या वाजविल्या. त्या संध्याकाळीं मनापासून पडलेल्या टाळ्या त्याच. तोंवर पोशाख चालत होते. त्या क्षणीं प्रेक्षकांस माणूस दिसला.

ही विसंगति एकट्या जालन्याची नाहीं. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनीं १९०४ सालीं फॅशनवर लिहिलेल्या निबंधांत तिचें मूळ दाखविलें आहे. माणसाला चार लोकांसारखें असावें असें वाटतें, आणि चार लोकांहून निराळें दिसावें असेंही वाटतें; या दोन्ही भुका एकदम भागविण्याची युक्ति ती फॅशन. खालच्या थरांतील लोकांनीं वरच्यांचें अनुकरण केलें कीं वरचे कांहीं नवें धरतात, आणि चाक फिरत राहतें. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासांतही तें फिरलेलें दिसतें. भोकरदन तालुक्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जी लढाई झाली, तींत वेल्स्लीच्या तांबड्या डगल्यांसमोर उभीं असलेलीं शिंद्यांचीं पलटणें स्वतः युरोपीय अंमलदारांच्या हाताखालीं युरोपीय कवायतीवर तयार झालेलीं होतीं. निजामी अमदानींत दरबारीं जावयाचें तर डोक्यास दस्तार व कमरेस बगलूस लागे, आणि शेरवानी हा प्रतिष्ठेचा वेष होता. १९४८ च्या सप्टेंबरांत पोलिस कारवाईनें निजामी राजवट संपली आणि खादी व गांधीटोपी यांस मान आला. पुढें सफारीचे दिवस आले. आतां बंद गळ्याचा कोट पुन्हां आला आहे. प्रत्येक वेळीं तो तो वेष घालणारास हाच आपला खरा वेष असें वाटलें असणार.

कार्यक्रम संपल्यावर सगळीं वस्त्रें जवळून पाहण्यासाठीं मांडलीं होतीं. ‘पैठणी लेहंगा’ या नांवानें ज्याचा विशेष गौरव झाला होता, त्याच्यापाशीं आमची पत्नी थांबली. कोणाशीं कांहीं न बोलतां तिनें घेराची कड उचलून उलटी केली. “अहो, हें पाहा जरा,” ती हलक्या आवाजांत म्हणाली. वरच्या अंगास मोर होता. आंतल्या अंगास कातरलेल्या रंगीत धाग्यांचीं टोंकें होतीं, आणि त्यांतून मोर ओळखूं येत नव्हता.

ज्यांस या कलेची ओळख नाहीं त्यांच्याकरितां थोडा खुलासा केला पाहिजे. पैठण आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं आहे; तीच गोदावरी पुढें जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा होते. पैठणीचा विणकर पदरावरील मोर, मुनिया किंवा असावली यांचा एकएक रंग निरनिराळ्या लहान कांड्यांवर घेतो, जेवढ्या जागीं तो हवा तेवढ्याच जागीं हातानें भरतो, आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यांत अडकवून परत फिरवितो. धागा नक्षीच्या मागून मोकळा धांवत नाहीं, म्हणून पदर दोन्ही अंगांनीं सारखा दिसतो. नक्षी भरगच्च असेल तर एका वस्त्रास कित्येक महिने लागतात. यंत्रावर रंगीत धागा पन्हाभर धांवतो, नक्षीपुरता वर येतो, आणि मागें लोंबत राहिलेला भाग कातरून टाकावा लागतो. जाणत्या बायका पैठणी घेतांना पदर उलटून पाहतात, तें याचसाठीं.

येथें कोणी म्हणेल कीं नक्कल ही सर्वच कलांत असते. तें खरें आहे, आणि त्याचा दाखला हिमरूच देतो. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, ज्याकरितां प्रसिद्ध झालें तो हिमरू मुळांत किनखापाची नक्कल म्हणूनच निघाला. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून बादशाही कापडाची शोभा थोड्या खर्चांत आणावयाची, ही त्याची रीत. त्याचें नांव ‘सारखा’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून आलें असें सांगतात. आपण कोणासारखे आहों हें ज्या कापडानें आपल्या नांवांतच कबूल केलें, तें कालांतरानें स्वतःच्या गुणांवर उभें राहिलें, आणि आज कोणी त्यास नकली किनखाप म्हणत नाहीं. यंत्राच्या कापडानें आपणांस यंत्राचें कापड म्हणवून घेतलें असतें तर आमचें कांहींच म्हणणें नव्हतें.

हें सर्व आम्ही पत्नीस कांहींशा तोऱ्यांत सांगत होतों. आणि खरी पैठणी बाजारांत मिळत नसते, ती सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे येत असते, असें एक वाक्यही त्या भरांत बोलून गेलों. तेथें काम करणारी एक तरुणी तें ऐकत होती. ती आमची जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनें वांकून नमस्कार केला आणि म्हणाली, “सर, आईकडून लेकीकडे यायला ती आधीं आईकडे असावी लागते ना? आमच्या घरीं रेशमाचे किडे आहेत, पैठणी नाहीं. माझ्या लग्नांत मी यंत्राचीच घेणार. मग माझी हौस खोटी का?”

तिच्या आईवडिलांनीं शेताच्या एका भागांत तुती लावली आहे, आणि किड्यांसाठीं शेड बांधली आहे. अंड्यांतून निघालेला किडा सुमारें पंचवीस दिवस तुतीचा पाला खात राहतो, त्या अवधींत चार वेळां कात टाकतो, आणि मग स्वतःभोंवतीं एकाच अखंड धाग्याचा कोष विणतो. चांगल्या कोषांतील धागा हजार मीटरांपर्यंत, कधीं त्याहूनही लांब भरतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत शेड थंड राखण्यासाठीं भोंवतीं गोणपाटें लावून तीं दिवसभर भिजवावीं लागतात. २०१८ पूर्वी हे कोष विकण्यास येथील शेतकरी थेट कर्नाटकांत रामनगरपर्यंत जात. त्या वर्षीं जालन्याच्या बाजार समितींत कोषांची बाजारपेठ सुरू झाली. राज्यांतील ती पहिलीच. ज्या शहरांत पोत्यांनीं रेशीम विकावयास येतें, त्याच शहरांत रेशमाचें नांव घेऊन तें वस्त्र टांगलें होतें; आणि ज्या घरांत कोष पिकतात त्या घरांतील मुलगी दुरून आलेलें तें वस्त्र गिऱ्हाइकांस उलगडून दाखवीत होती. तिला आम्ही अस्सलपणाचा पाठ शिकविणार होतों.

आम्हांस उत्तर सुचेना. तेवढ्यांत आमच्या पत्नीचें लक्ष तिच्या ओढणीकडे गेलें. अंगावर साधा सुती पोशाख होता, पण ओढणीस दोन बोटें रुंदीचा जुना इरकली कांठ शिवलेला होता. विचारतां ती म्हणाली कीं, आजीचें लुगडें विरलें, त्याची वाकळ शिवली. कांठ धड होता, तो टाकवेना. ती हें इतक्या सहजपणें बोलली कीं त्यांत कांहीं विशेष आहे असें तिला वाटत नसावें. आम्ही मात्र तो कांठ पाहत राहिलों. त्या सभागृहांत, एवढ्या दिव्यांखालीं, स्वतःची म्हणावी अशी शैली आम्हांस तेथें दिसली. आणि ती चौथऱ्यावर नव्हती.

या प्रसंगानें आमच्या मनांत एक जुनी गोष्ट जागी केली. तिचा उच्चार केल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आमचे वडील शेतकरी होते. धोतर, पैरण आणि पांढरी टोपी यांवांचून दुसरा वेष त्यांनीं जन्मांत घातला नाहीं. फक्त एक दिवस घातला, आणि तो आमच्या हट्टानें. १९९१ सालीं आम्हांस पदवी मिळाली तेव्हां समारंभास येतांना त्यांनीं विजार घालावी असा आम्हीं आग्रह धरला. त्यांनीं वाद घातला नाहीं. शेजाऱ्याची विजार उसनी आणली, ती कमरेस सैल होत होती, म्हणून सुतळीनें बांधली. त्या दिवसाचें छायाचित्र आमच्या घरीं भिंतीवर आहे. आम्ही काळ्या झग्यांत मान ताठ करून उभे आहों, आणि वडील, ज्यांची नजर गांवांत कोणापुढें खालीं गेली नाहीं, ते स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत आहेत. ते आज नाहींत. आमच्याजवळ त्यांचें तेवढें एकच छायाचित्र आहे, आणि त्यांत ते त्यांच्यासारखे दिसत नाहींत.

आम्हांस त्या वेळीं लाज धोतराची वाटली नव्हती, लोक काय म्हणतील याची वाटली होती. पुढें पुष्कळ दिवस आमच्या लेखणीचीही हीच गत होती. महाविद्यालयांत कार्लाइलचा ‘सार्टर रिसार्टस’ वाचला. १८३३-३४ सालीं मासिकांतून आलेला तो ग्रंथ कपड्यांच्या तत्त्वज्ञानाचाच आहे. मनुष्याच्या संस्था, पदव्या, समजुती हीं सर्व वस्त्रेंच असून तीं जीर्ण होतात, असें त्याचें प्रतिपादन. आम्हीं तें तत्त्वज्ञान घेतलें नाहीं. कार्लाइलचीं लांब, गुंतागुंतीचीं वाक्यें तेवढीं घेतलीं, आणि त्या मापाचे निबंध मराठींत शिवूं लागलों. उसन्या विजारीस सुतळी बांधावी तशीं त्यांत ‘किंबहुना’ आणि ‘तद्वत्’ हीं अव्ययें बांधलेलीं असत. फ्रेंच पंडित ब्यूफाँ यानें १७५३ सालीं आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत शैली आणि माणूस हीं एकच असें ठरविलें. तें आम्ही वर्गांत दरवर्षीं शिकवितों; तें आपल्यास लावून पाहण्यास मात्र फार वर्षें लागलीं.

मग शैली स्वतःची केव्हां होते? जुनें तें आपलें आणि नवें तें परकें, असें सोपें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. आनंदीबाई जोशी यांचें १८८५ सालचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील तीन परदेशी विद्यार्थिनी त्यांत आहेत; आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघीही आपापल्या देशाच्या वेषांत आहेत. चित्रापुरता असा वेष कोणासही घालतां येतो. परंतु आनंदीबाईंचें लुगडें चित्रापुरतें नव्हतें. त्या परक्या थंडींत तें वर्गांतही त्यांच्या अंगावर होतें, आणि तें अंगावर ठेवणें त्यांस रोज निभवावें लागत होतें.

उलट बाजूनें महात्मा गांधींचें उदाहरण घ्यावें. लंडनमध्यें शिकत असतांना त्यांनीं बाँड स्ट्रीटवरील शिंप्याकडून दहा पौंडांचा पोशाख शिवविला, आणि रोज दहा मिनिटें आरशापुढें उभें राहून टाय व केस नीट करण्यांत घालविलीं. हें त्यांनींच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. पुढें २२ सप्टेंबर १९२१ रोजीं मदुरा येथें त्यांनीं सर्व टाकून पंचा नेसला. तो वेष त्यांचा वडिलोपार्जित नव्हता, आईकडून आलेला नव्हता. तो त्यांनीं डोळे उघडे ठेवून, कारण जाणून घेतला, आणि मग पुढें राजाच्या भेटीसही तो बदलला नाहीं. म्हणजे परंपरेनें आलेला वेष आणि निवडून घेतलेला वेष, दोन्ही खरे ठरूं शकतात. त्या दोहोंत सारखें एवढेंच आहे कीं, लोक पाहत असतां जें अंगावर आहे, तेंच कोणी पाहत नसतांही आहे. पैठणीच्या पदरासारखें तें दोन्ही अंगांनीं एक आहे.

समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब आमच्याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकांत चातुर्याचीं लक्षणें सांगणारा एक समास आहे, त्यांत वस्त्रें व भूषणें हीं शरीराचीं, आणि चातुर्य हें अंतराचें लेणें, असा भेद केला आहे. एरवीं हें वचन वस्त्रांस हिणविण्यासाठीं सांगतात. आम्हांस त्याचा अर्थ निराळा वाटतो. समर्थांनीं वस्त्र टाका असें म्हटलेलें नाहीं. आंतील बाजूही विणा, एवढेंच म्हटलें आहे. त्या मुलीच्या ओढणीवरील कांठास मागें टांके दिसत होते, आणि ते तिनें लपविले नव्हते.

आतां तिच्या प्रश्नाचें उत्तर. तिची हौस खोटी नाहीं. यंत्राचें वस्त्र तिनें यंत्राचें म्हणून, आपल्या ऐपतीनें, आपल्या आवडीच्या रंगाचें घेतलें तर तें तिचें आहे, आणि पन्नास वर्षांनीं तिच्या नातीस त्याचाही कांठ टाकवणार नाहीं. खोटेपणा असेल तर तो ज्यानें त्यावर पैठणीचें नांव चढविलें त्याचा आहे. आणि थोडा आमच्यासारख्यांचा, ज्यांनीं अस्सल ही पदवी वारसाहक्कानें मिळणारी समजून दुसऱ्याच्या घरांतील उणीव मोजली. हें उत्तर त्या संध्याकाळीं आम्हांस देतां आलें नाहीं, म्हणून येथें लिहीत आहों.

समारंभाच्या योजकांस, परीक्षकाच्या अधिकारानें, दोन सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक वस्त्रास तें हातमागाचें कीं यंत्राचें, रेशमी कीं कृत्रिम धाग्याचें, अशी चिठ्ठी मराठींत लावावी. गिऱ्हाइकाची त्यानें निराशा होणार नाहीं, विश्वास वाढेल. आणि पुढील खेपेस दाराशीं पाट्यांच्या फुलदाणीऐवजीं जालन्याच्याच बाजारांतील कोषांची एक टोपली ठेवावी, आणि ते पिकविणाऱ्यांस पहिल्या रांगेंत बसवावें. चौथरा राहूं द्यावा. फक्त त्या मुलांस हंसण्याची परवानगी असावी.

घरीं परततांना पत्नीनें विचारलें, “पुढच्या वेळीं तुम्ही काय घालणार?” त्या दिवशीं आमच्या अंगावर नोकरीच्या मुलाखतीसाठीं शिवलेला जुना कोट होता, आणि तो आतां पोटावर बसत नाहीं. वडिलांचें एक धोतर ट्रंकेंत आहे. तें नेसावयास आम्हांस येत नाहीं. आणि येत असतें तरी आज तें नेसणें हाही एक चौथराच झाला असता. तेव्हां आम्हीं तिला अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं.